सहातून एक गेला

काकू नऊ वाजता आली, चपला दाराशी काढल्या, घडी दाबायची हाडाची पट्टी फडक्याने पुसली आणि बाबांना म्हणाली, "भाऊजी, यंदा एक तारा मला हवा."

बाबा कटिंग मशीनचं चाक फिरवत होते. निळ्या जाड कागदाचा गठ्ठा खाली दबून बसला होता. मागे न वळताच ते म्हणाले, "मग घ्या की. करणाऱ्या तुम्हीच."

"न कळल्यासारखं करू नका. कुणीतरी माझ्यासाठी घड्या घालायच्या, ताईंनी तो मला लावायचा, आणि फोटोच्या आधी लावायचा. नाही झालं तर उद्यापासून मी खोक्यांच्या कारखान्यात. त्यांनी दोनदा बोलावलंय. तिसऱ्यांदा कोण बोलावतं?"

एवढं बोलून ती आपल्या टेबलाशी जाऊन बसली आणि पहिला कागद हातात घेतला. बाबांचा हात चाकावर तसाच राहिला. आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात काकू नसेल तर काय उरतं, याचा हिशोब त्यांना जागच्या जागी कळला. एक मशीन, एक बाबा आणि गोंदाचा वास.

आमच्या घरात बातमी पसरावी लागत नाही, ती आपल्या पायांनी जिना चढते. सव्वानऊला वरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडणाऱ्या आईला कळलं. तिने "मी या भानगडीत नाही" म्हणून आणखी चार खुर्च्या मांडल्या. साडेनऊला आत्याला, म्हणजे काकूच्या ताईंना, कळलं. आज पंचाहत्तरी तिची होती. ती नव्या चष्म्याची काडी कानामागे सारखी करत म्हणाली, "आजच सुचायचं होतं तिला?"

आता ताऱ्यांचं सांगायला हवं, नाहीतर माणसाला वाटेल कागदाच्या चिटोऱ्यावरून एवढं रामायण कशाला.

आजोबांनी हे सुरू केलं. उरलेल्या कागदातून कोपरे मोजून तुकडे कापायचे, त्यांच्या घड्या घालून तारे करायचे, मागे पिन लावायची, आणि घरातलं कार्य असलं की प्रत्येकाच्या छातीवर एकेक. आत्या पहिली, हौस दांडगी, म्हणून तिला आठ कोपऱ्यांचा कागद. पुढे काका झाले तोवर हौस ओसरली होती, काकांच्या वाट्याला पाच. माझे बाबा शेंडेफळ, त्यांच्या वेळी आजोबांना जरा लाज वाटली असावी, त्यांना सहा. लग्न करून आलेल्यांना नवऱ्याचे कोपरे, पोरांना बापाचे. नियम दोनच. स्वतःचा तारा स्वतः करायचा नाही, आणि तारा नसेल तो फोटोत नाही.

काका-काकू दहा वर्षांपूर्वी वेगळे झाले. का, ते विचारू नका. या घरात त्याची तीन उत्तरं आहेत आणि एकही काकांच्या बाजूचं नाही. काकू घरातून गेली, कारखान्यातून गेली नाही, कारण तिच्यासारखी घडी कुणाच्या बापाला जमत नव्हती. आजोबांनाही नाही, हे आजोबाच सांगायचे. त्यानंतर दहा वर्षं प्रत्येक कार्याला तिने चाळीस-चाळीस तारे केले आणि मग ट्रायपॉड लावून फोटो काढला. कॅमेरा तिचा, तारे तिचे, आणि ती काळ्या डब्याच्या मागे. आम्ही सगळे पुढे दात काढून उभे. मीही. कधी विचारलं नाही.

आता मी वरचेवर लोकांच्या डोक्यात शिरणार आहे, ते चालवून घ्या. आमच्याकडे परवानगी मागून कुणी शिरत नाही.

काका आले ते साडेदहाला. विमा विकतात, त्यामुळे कुठेही शिरताना आधी हसतात. बरोबर नवी काकू. ती दातांची डॉक्टर, म्हणून घरात तिला दातवाली म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला माहीत आहे, आणि ती फोनवर स्वतःच "मी दातवाली बोलतेय" म्हणते. काकांना तिचं हे आवडत नाही. काकांना वाटतं, तिने जरा दबून राहावं, म्हणजे आपण जरा मोठे दिसू. या वेळी दातवालीची आईही बरोबर होती. पहिल्यांदाच. हे कुणी कळवलं नव्हतं.

"एक पाचकोनी वाढवा," काका मला म्हणाले.

दहा वर्षं काका आणि काकू एकमेकांशी थेट बोललेले नाहीत. निरोप्या मी. दोघं एका टेबलाच्या दोन टोकांना असले तरी.

"काकू, एक पाचकोनी वाढवायचा," मी म्हटलं.

"त्यांना सांग, पाचाचा कागद संपला. तो निळा गठ्ठाच संपला. सहाचे बारा उरलेत, तुझे बाबा आपल्या घरचे नेहमी जास्तच कापतात."

"काका, पाचाचा कागद संपला."

"ऐकू आलं मला. तिला सांग, सासूबाई पहिल्यांदा आल्यात, आणि त्या बिनताऱ्याच्या बसणार का?"

काकूच्या हातातली पट्टी थांबली. मी तिच्या डोक्यात शिरले नाही, गरज नव्हती. दहा वर्षं बिनताऱ्याचं बसणं म्हणजे काय ते तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने पट्टी पुन्हा चालवली, जरा जोरात.

बाबा मात्र सकाळपासून धुमसत होते. त्यांनी काकांना मशीनपाशी ओढलं आणि दबक्या आवाजात, म्हणजे आमच्या घरच्या दबक्या आवाजात, जो रस्त्यापर्यंत जातो, म्हणाले, "दादा, वहिनी जायचं म्हणतायत. एक तारा मागतायत फक्त. तू ताईला सांग, तुझी हरकत नाही म्हणून."

"हरकत कशी नाही? किती कोपऱ्यांचा देणार? पाच माझे. पाच लावून ती आणि ही शेजारी शेजारी उभ्या राहणार? लोक मला काय म्हणतील?"

"लोक म्हणायचं ते दहा वर्षांपूर्वीच म्हणून मोकळे झाले."

"मग तुझे सहा दे."

"माझे सहा म्हणजे माझी बायको. माझी बायको वर खुर्च्या मांडतेय आणि तिच्या हातात खुर्ची आहे. मी असलं काही सुचवणार नाही."

"मग आठ?"

दोघांनी एकदम वर पाहिलं. आठ आत्याचे. एकटीचे. आत्याने लग्न केलं नाही, आणि त्याचं कारण ती असं सांगायची की आठ कोपरे वाटून घेण्याजोगा कुणी भेटला नाही.

"ते जाऊ दे," काका म्हणाले. "आधी सासूबाईंचं बघ. सहाचे बारा आहेत ना? एक कोपरा काप. सहातून एक गेला, पाच."

आता इथे जरा थांबा. माझे वडील चाळीस वर्षं कागद कापतायत. डोळे मिटून रेघ मारतील. पण डोक्यात राग, कानात भावाची कटकट, आणि काका बोलले ते गणित इतकं सरळ होतं की त्यात चूक काढायला कुणी गेलंच नसतं. सहातून एक गेला, पाच. बाबांनी बाराच्या बारा कागद एकावर एक रचून मशीनखाली सरकवले, एक टोक बाहेर ठेवलं, चाक फिरवून दाबलं आणि दांडा ओढला.

खट्.

बारा छोटे निळे त्रिकोण जमिनीवर पडले.

बाबांनी गठ्ठा उचलला. फिरवला. परत फिरवला. काकांनी मान तिरकी केली. दातवाली पुढे आली, कागदावर बोट ठेवून तिने एका कडेने मोजायला सुरुवात केली, तोंडात दात मोजतात तशी, एकही न सोडता.

"सात," ती म्हणाली.

"कसे सात?" काका.

"हे पाच जुने. आणि तुम्ही जो कापला ना, त्याच्या जागी आता दोन आलेत. हा एक, हा एक."

"एक कापला तर दोन कसे येतील?"

"तुम्हीच बघा की. मी काय माझ्या घरून आणलेत?"

टेबलाकडून आवाज आला. आधी वाटलं काकूला ठसका लागला. मग कळलं ती हसतेय. पट्टी टेबलावर टाकून, दोन्ही हातांनी पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाबांनाही आवरेना. दातवाली तर भिंतीला टेकली. काका एकटे त्या सात कोपऱ्यांकडे बघत उभे होते, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला न सांगता टेबलाकडे तोंड करून विचारलं, "सात?"

"सात," काकू म्हणाली. "कापा अजून एक. आठ होतील."

मी निरोप पोचवायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

काकांचं मला त्या क्षणी जरा वाईट वाटलं, हे सांगायलाच हवं. त्यांना खरंच वाटत होतं की एक कोपरा कापला की कोपरे कमी होतात. आपलं आयुष्यही त्यांनी त्याच बेताने कापलं होतं, आणि मग दर कार्याला कुणाला कुठे बसवायचं, कुणाशी बोलायचं, कुणामार्फत बोलायचं, हे सगळं वाढतच गेलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. "मशीन जुनं झालंय," असं म्हणून ते वर निघून गेले.

काकूने एक सातकोनी उचलला. उलटसुलट करून पाहिला. ती कागदाशी बोलत नाही, पण अशा वेळी तिच्या भुवया बोलतात. प्रत्येक कड मध्यावर आणून दाबली, उघडली. मग कोपऱ्याकोपऱ्याला चिमटा, की कागदाचे हात उभे राहतात. मग सगळ्या हातांना एकाच दिशेने निजवायचं, न ओढता, न दामटता. सहाचा असेल तर तिला एक मिनिट लागतं. याला पाच लागली. झाला तारा. पाच हात ऐटीत, आणि दोन बुटके, एकमेकांना खेटून, गर्दीत उभे असल्यासारखे.

"वाईट नाही," ती म्हणाली. काकूच्या तोंडी हे फार झालं.

तेवढ्यात दातवालीची आई जिना उतरून आली. वर काकांनी तिला आमच्या घरच्या विम्याची माहिती द्यायला सुरुवात केली होती, म्हणून ती पळून आली असावी. काकूने तो तारा तिच्या हातात दिला. म्हातारी खूश झाली. तारा उजेडात धरून पाहिला, मग काकूकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकाने जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आणि तुमचा कुठाय?"

बाबांनी उगाच दांडा पुसला.

"माझा नसतो," काकू म्हणाली.

"का बरं?"

"तेच विचारायला मी आज आले होते."

जिन्यावरून काठी वाजली. आत्या खाली येत होती. ती काठी टेकायला वापरत नाही, आपण येतोय हे कळवायला वापरते.

आता आत्याच्या डोक्यात शिरते. हे तिने मला नंतर स्वतःच सांगितलं, म्हणून खात्रीने शिरते. दहा वर्षांपूर्वी ताऱ्याचा निकाल तिनेच दिला होता. भाऊ कसाही असला तरी भाऊ, आणि नवऱ्याचे कोपरे नवऱ्याबरोबर गेले. बोलताना तिला ते फार नियमाला धरून वाटलं होतं. पुढच्याच कार्याला फोटो काढायची वेळ झाली आणि काकू काही न बोलता कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली, तेव्हा तोच निकाल आत्याला पिनेसारखा टोचला. तेव्हापासून तो टोचतच होता. दर फोटोत आत्याचं तोंड वाकडं येतं, ते आम्हाला स्वभावामुळे वाटायचं.

"ऐकलं सगळं," ती म्हणाली. "वर ऐकू येतं. हे सातवाले किती उरलेत?"

"अकरा," बाबा म्हणाले.

"सात कोपरे कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत."

"मग भांडण कशाचं? हिला त्यातला करा. कोण करतंय?"

आणि इथे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कारण काकूखेरीज कुणालाच येत नव्हतं, आणि स्वतःचा तारा स्वतः करायचा नाही.

पहिला हात बाबांनी घातला. चाळीस वर्षं कागद कापणारा माणूस, पण घडीला त्याचा हात म्हणजे भाकड. चौथ्या चिमट्याला कागद फाटला. दुसराही फाटला. मी दोन वाया घालवले, त्यातला एक बराचसा पाकिटासारखा दिसत होता. आई वरून आली, "मी या भानगडीत नाही" म्हणत एक घेतला आणि त्याचा चोळामोळा करून परत गेली. दातवालीची बोटं चांगली होती, बारीक कामाची. तिचे पाच हात उभेही राहिले, पण ते दोन बुटके काही केल्या निजेनात. एकाला दाबलं की दुसरा उठायचा.

"अक्कलदाढांसारखे आहेत," ती वैतागून म्हणाली. तिने तीन घालवले.

काकू स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसली होती. तिला बघवत नव्हतं. "उजवीकडून... नाही, आधी उघडा... अहो, ओढू नका त्याला, त्याने काय केलंय तुमचं?" तिच्या कपाळावर घाम आला. अकरातले आठ गेले. साडेअकरा वाजून गेले. वरून काकांचा आवाज आला, लोक जमलेत, उशीर कशाचा.

बाबांनी आणखी एक घेतला आणि तोही फाडला. दातवालीने दहावा घेतला. बुटके दोन्ही एकदाचे निजले, तिने तारा उलटा केला आणि मधला भाग कच्चकन उसवला. तिचे डोळे भरून आले. "मला खरंच करायचा होता हो," ती काकूला म्हणाली. "लग्नाच्या दिवशी तुम्ही माझा केला होतात. माझा पाचाचा. तुम्हाला कसं वाटलं असेल, ते मला आत्ता कळतंय."

"हात थरथरला नव्हता माझा," काकू म्हणाली. "एवढंच आठवतं."

एक कागद उरला.

आत्याने काठी मशीनला टेकवली, खुर्ची ओढली आणि बसली. "आण इकडे."

"ताई, तू आयुष्यात एक घडी घातली नाहीस," बाबा म्हणाले.

"नाही घातली. लावायचं काम माझं होतं ना. आणि काढून घ्यायचंही मीच केलं. तू गप्प बस." मग काकूकडे न बघता म्हणाली, "सांग गं. हळू सांग. आणि चुकले तर ओरडू नकोस, आज माझा वाढदिवस आहे."

काकूने सांगितलं. एकेक कड. आत्याची बोटं सांध्यांपाशी सुजलेली, नखं कापायलाही तिला आईची मदत लागते. एक घडी घालायला तिला दोन मिनिटं लागत. वरून काका दोनदा हाका मारून गेले, आत्याने मान वर केली नाही. पाचव्या कडेला ती थांबली, बोटं चोळली. काकूचे हात मांड्यांखालून निघाले, पुढे आले आणि पुन्हा आत गेले.

"आता चिमटा," काकू म्हणाली. "हलके. हां. पुढचा. आता दोन बुटके एकदम, वेगवेगळे नाही. दोघांना एकत्र निजवा. एकट्याने निजत नाहीत ते."

आत्याने दोघांना एका अंगठ्याखाली धरलं आणि निजवलं. निजले.

तारा झाला. आता खरं सांगायचं तर भयंकर झाला. दोन हात लांब, एक फुगलेला, मधला भाग सरकून एका बाजूला गेलेला. असला तारा काकूने कारखान्याच्या केराच्या टोपलीतही राहू दिला नसता. तिचं बोट आपोआप त्या फुगलेल्या हाताकडे गेलं, जरा दाबून सरळ करायला.

फाट्! आत्याने तिच्या मनगटावर चापट मारली.

"स्वतःच्या ताऱ्याला हात लावायचा नाही."

मग मागे पिन लावून तिने तो काकूच्या खांद्याखाली टोचला. एकदा चुकला, पिन काकूला लागली, काकू "स्स" म्हणाली. "दहा वर्षं लागतेय ती," आत्या म्हणाली, "आज तरी बाहेरून लागली." आणि तिथेच, गोंदाच्या डब्यांमध्ये, ती रडली. मोठ्याने. काकूने तिला धरलं तेव्हा तारा दोघींच्या मध्ये चेपला आणि आणखी वाकडा झाला.

बाराच्या ऐवजी सव्वाबाराला आम्ही वर फोटोला उभे राहिलो. चाळीस माणसं, तीन रांगा. काका पहिल्या रांगेत मधोमध, पाचकोनी तारा लावून, हसून तयार. ट्रायपॉड समोर उभा होता आणि त्याच्यामागे कुणी नव्हतं.

"फोटो कोण काढणार?" काकांनी विचारलं.

आत्याने काठीने दाखवलं. काकांना, आणि मग कॅमेऱ्याला.

"मी?"

"दहा वर्षं तिने काढले. आता तू काढ. दहा वर्षं."

काकांनी दातवालीकडे पाहिलं. दातवाली आपल्या आईचा तारा सरळ करण्यात गढून गेली होती. भावाकडे पाहिलं. भाऊ छताकडे पाहत होता. काका गेले बिचारे. काळ्या डब्यामागे वाकले. बराच वेळ काहीबाही फिरवत राहिले. मग डोकं बाहेर काढून, माझ्याकडे नव्हे, थेट, म्हणाले, "जरा डावीकडे सरक."

काकू सरकली.

"फार नको. हां. तिथेच राहा."

तो फोटो आता कारखान्यात मशीनच्या वर लावलाय. काकू रोज नऊला येते, चपला काढते, आणि आधी त्याच्याकडे बघून हसते. काकांनी कॅमेरा इतका खाली झुकवला होता की एकोणचाळीस जणांपैकी एकाचंही डोकं फोटोत नाही. माना, छात्या, हात आणि तारे. कोण कोण ते कोपरे मोजूनच ओळखायचं. मधल्या रांगेत एक आठांचा आहे, आणि त्याला खेटून सातांचा, वाकडा, चेपलेला, बुटके दोन हात एकत्र निजलेले. त्याच्यावर चुकून कुणाचंतरी बोट आलंय. नीट बघितलं की कळतं, ते काकूचंच आहे. शेवटी लावलाच तिने हात.